तीन दगडांचं गणित

भूमचं नाव निघतं ते खव्यासाठी. मला मात्र इथली बाभूळ आठवते. बालाघाटाच्या मुरमाड माळावर ती न लावता येते. कुळवाचं दिंड असो की गाडीच्या चाकाचे आरे, सुताराचा हात आधी तिच्याकडे जायचा. वाळलेली बाभूळ हत्याराचा अंत पाहते. सकाळी पाजवलेली पटाशी दुपारी बोथट होते, मग दगड निघतो, त्यावर पाणी पडतं आणि पातं घासलं जातं. पात्याला सगळे जपतात. दगडाकडे कुणी बघत नाही, आणि निम्मी धार तिथेच जाते.

दगड नवा असतो तेव्हा साधारण आठ इंच लांब, दोन इंच रुंद आणि आरशासारखा सपाट असतो. त्याचे कण कुरुंदाचे किंवा कारबोरंडमचे, पोलादापेक्षा कितीतरी कठीण. कुरुंदाचा कठीणपणा मोह्‌सच्या मापावर 9, हिऱ्याचा 10. ‘कोरंडम’ हे इंग्रजी नावसुद्धा दक्षिणेतल्या ‘कुरुंदम’वरूनच गेलं. अमेरिकेत ॲचेसनने 1891 साली भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केलं आणि त्याला नाव दिलं कारबोरंडम. आपल्याकडे उरणजवळच्या मोरा इथे 1941 पासून घासचाकं बनू लागली.

एवढा कठीण दगड झिजतो कसा? कण झिजण्याआधी त्यांना धरून ठेवणारा मसाला सुटतो. बोथट कण गळतात, खालचे ताजे वर येतात, म्हणून दगड चावत राहतो. पण हात नेहमी मधोमध फिरतो. त्यामुळे कण मधलेच गळतात आणि दगडाला खळगा पडतो.

त्या खळग्याची किंमत लाकूड मोजतं. रंध्याच्या पात्याची धार दगडाच्या खोलगटपणाला जुळून मध्ये फुगते, कोपरे मागे राहतात आणि फळीवर पन्हळी उमटते. पटाशीचं नुकसान त्याहून मोठं. तिची पाठ सपाट हवी, कारण सांध्याची खाच सरळ उतरते ती पाठीच्या आधारावर. खळग्यात घासलेली पाठ गोल होते, पटाशी डोलते, खाचेत कूस सैल बसते. मग दोष लाकडाला दिला जातो.

आपल्या घरांत दगडाची निगा नवी नाही. पाटा-वरवंट्याला, जात्याला टाकी लावून घ्यायची रीतच होती. तिथे दगड खरबरीत करायचा असतो, इथे सपाट. पण दगडालाही हात लावावा लागतो, ही समज एकच.

सपाट करायचा कसा? पहिला विचार येतो तो दोन दगड एकमेकांवर घासण्याचा. त्यात फसगत आहे. वरचा दगड पुढे-मागे सरकताना कडेबाहेर लोंबतो. तेव्हा वरच्याचं पोट आणि खालच्याच्या कडा जास्त झिजतात. वरचा खोलगट, खालचा फुगीर. दोन्ही एकमेकांत चपखल बसतात, तरी सपाट एकही नसतो. दुर्बिणीचा आरसा याच युक्तीने घडवतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तो घासायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या आहेत. आरशाला हवा तो खळगा आपल्याला नको आहे.

म्हणून तीन दगड. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, आणि दर वेळी वरचा खाली, खालचा वर. समजा पहिला फुगीर आहे. त्याच्याशी जुळायला दुसरा आणि तिसरा, दोघेही खोलगट हवेत. पण दोन खोलगट एकमेकांशी जुळत नाहीत, मध्ये फट राहते. तिघेही तिघांशी जुळतील असा आकार एकच: सपाट. यंत्रयुगातले लोखंडी मापपाटे याच तत्त्वावर घडले. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने 1840 साली ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत ते मांडलं. लोखंड मात्र तो घासत नसे, खरवडत असे. मला या युक्तीचं फार अप्रूप वाटतं. मोजायला पट्टी नसतानाही दगड एकमेकांची चूक दाखवून देतात.

तीन दगड नसतील तर जाड काचेचा तुकडा घ्या. फ्लोट काच वितळलेल्या कथलावर तरंगवून थंड करतात, म्हणून ती इतकी सपाट. काच पक्क्या ओट्यावर ठेवायची, तिच्यावर पाण्याने जाडा वॉटर पेपर चिकटवायचा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि भरपूर पाणी घालून दगड कागदावर घासायचा. आधी कडांच्या रेघा जातात, मधल्या राहतात. त्या राहिलेल्या रेघा म्हणजेच खळगा. सगळ्या गेल्या की थांबा. शहाबादी फरशीवर हे काम नको. चुनखडीची फरशी मऊ, ती स्वतःच झिजते. एरवी पाजवताना पातं दगडाच्या चारही कोपऱ्यांपर्यंत फिरवलं, तर खळगा उशिरा पडतो.

खंडेनवमीला पूजलेली हत्यारं अजून हाताशीच असतील. त्यांच्या शेजारचा दगड उचला, लोखंडी पट्टी त्यावर आडवी धरा आणि उजेडाकडे तोंड करून बघा. पट्टीखालून उजेड दिसला, तर आज पटाशी पाजवू नका. आधी दगड घासा.