उद्योजकतेचा संस्कार आणि शिक्षक



उद्योजकता म्हटली की आपल्या मनासमोर भांडवल आणि कारखाना उभा राहतो. मला मात्र प्रथम एक शिक्षक दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापन सोडून ते बेळगावास आले. सायकलींचे दुकान चालवीत असतानाच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर त्यांनी घडविले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या साहाय्याने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

या चरित्रातून तीन गुण निष्पन्न होतात: भोवतालची गरज हेरणे, हिशेब चोख ठेवणे आणि अपयशाने न खचणे. हे तिन्ही गुण वर्गात रुजविता येतात, असे माझे मत आहे.

निपाणीच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आई विड्या वळते. तिला किती पान-तंबाखू मिळाली, किती विड्या नापास ठरल्या आणि हजारी मजुरी हाती किती पडली, हे गणित शिक्षकाने फळ्यावर मांडावे. त्यातून शेकडेवारी तर समजेलच. शिवाय श्रमाचे मोल कोण ठरवितो, हा प्रश्नही मुलाच्या मनात उभा राहील. १९८१ च्या निपाणी आंदोलनात तंबाखू उत्पादकांनी हाच प्रश्न महामार्गावर बसून विचारला होता, आणि गोळीबारात काहींना त्यासाठी प्राण गमवावे लागले. पिकविणाऱ्याच्या मुलाला बाजार समजला पाहिजे, तो यासाठी.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षण सुचविले आहे. ते दिवस सहलीत न दवडता उद्यमबागेतील एखादी ओतशाळा दाखवावी. सुटा भाग बिघडला तर तोटा कोणाचा, हे मुलांनी तेथे विचारावे. प्रयोग फसल्यास गुण कापण्याआधी शिक्षकाने तो पुन्हा करू द्यावा.

सीमाभागातील मुलाजवळ आणखी एक भांडवल आहे. घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही, असा त्याचा व्यवहार असतो. दोन भाषांचे हे ओझे नव्हे, दोन बाजारपेठांची ती किल्ली होय, ही जाणीव त्याला शिक्षकानेच द्यावयाची आहे.

शिक्षकाने व्यापारी व्हावे, असे मी म्हणत नाही. नोकरी मागण्यास निघालेल्या हातांना काही घडविण्याचा विश्वास द्यावा, एवढीच माझी नम्र अपेक्षा आहे.