नळी नेमकी पोटात आहे ना?

अतिदक्षता विभागात श्वासयंत्रावर असलेल्या बाळाला दूध दिले जाते ते नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीने, म्हणजे राइल्स ट्यूबने. घशात अन्नमार्ग आणि श्वासमार्ग शेजारीशेजारी असल्याने ही नळी चुकून श्वासनलिकेत शिरू शकते. जागे मूल लगेच खोकते, कासावीस होते. गुंगीच्या औषधाखालच्या मुलात मात्र अशी कोणतीही खूण दिसेलच असे नाही. तशात दूध सोडले, तर ते थेट फुप्फुसात जाते.

सिरिंजने नळीत हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही. ती सुटायला हवी, कारण नळी छातीत असली तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. नळीतून ओढलेल्या द्रवाचा पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला तर नळी जठरात असल्याचे मानतात; पण अॅसिडिटीची औषधे आणि सतत चालू असलेले दूध यांमुळे तो आकडा वर जातो. शेवटचा शब्द एक्स-रेचा. त्यात किरणोत्सर्ग आला, फिल्म येईपर्यंत मूल उपाशी राहणे आले.

सोनोग्राफी खाटेपाशीच होते. प्रोब आधी मानेवर ठेवतात. श्वासनलिकेच्या मागे, बहुधा किंचित डावीकडे, अन्ननलिका दिसते आणि तिच्यात नळीची चकाकती रेघ. मग प्रोब बरगड्यांखाली, पोटाच्या वरच्या भागावर येतो. जठरातील वायूमुळे नळी दिसेनाशी झाली, तर थोडे सलाइन हवेसह सोडतात. बुडबुड्यांचा पांढुरका लोट उठला की टोक कुठे आहे ते कळते. लहान मुलांच्या पोटाची भिंत पातळ असल्याने चित्र मोठ्यांपेक्षा स्पष्ट येते. तरीही या तपासणीचा ‘हो’ जितका विश्वासाचा, तितका ‘नाही’ नाही. नळी दिसली नाही म्हणजे ती चुकलीच, असे होत नाही. तेव्हा एक्स-रे काढावाच लागतो. केवळ सोनोग्राफीवर विसंबण्याइतका पुरावा नाही, असेच २०१७च्या ‘कॉक्रेन’च्या संशोधन-आढाव्यानेही म्हटले.

पिंपरीतील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो की चाकणमधले खासगी बालरुग्णालय, सोनोग्राफीचे यंत्र नुसते विकत घेऊन भागत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. केंद्राच्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, मग ते फक्त मुलांसाठी का असेना. हलवता येणारे यंत्रही २०१२च्या नियमांनुसार नोंदलेल्या आवारातच, दाखल रुग्णांसाठी वापरता येते; अपवाद फिरत्या वैद्यकीय पथकाचा. मुलींची घटलेली संख्या पाहता ही कडक शिस्त गैर म्हणता येत नाही, पण तिचा भार बालविभागावरही पडतो.

नळीची जागा पक्की झाल्यावर नाकपुडीपाशी नळीवर खूण करून लांबी लिहून ठेवतात. खोकला, उलटी किंवा कूस बदलल्याने नळी सरकते, म्हणून दर वेळी दूध देण्याआधी ती खूण पाहिली जाते.