हिरव्या अक्षरांचा पडदा

राळेगावच्या टपाल कचेरीत आपण पैसे भरण्याची स्लिप पूर्ण लिहितो, मगच खिडकीत देतो. हिशेबाची वही आतच राहते. आयबीएमने १९८८ साली आणलेल्या एएस/४०० या व्यापारी संगणकाचे कामही असेच. समोर ८० अक्षरांच्या २४ ओळींचा पडदा. रकाने भरून एंटर दाबले की माहिती एकदम मुख्य संगणकाकडे जाते. आधी त्या पडद्याला खास तार लागे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या टीएन५२५० पद्धतीमुळे साधा पीसीच इंटरनेटच्या नियमांनी तो पडदा बनू लागला. सोय मोठी, पण साध्या टेलनेटवर पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जातो. म्हणून दूरच्या गोदामातून हिशेब पाहणाऱ्याने जोडणी सांकेतिक कुलपात आहे ना, हे आधी विचारावे. पत्र पाकिटातूनच जायला हवे.