एक तेल गोठतं, एक सुकतं

खोबरेल, शेंगदाणा तेल, करडई, जवस आणि एरंडेल. पाचांचीही घडण मुळात एकच: ग्लिसरॉलचा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. तरी एक थंडीत गोठतं, एक उघड्यावर सुकून पापुद्रा धरतं, एक धड ओतलंही जात नाही. हा सगळा खेळ साखळ्यांचा.

साखळीत कार्बनचे सगळे बंध एकेरी असले की ती सरळ राहते. सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि तेल गोठतं. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो, रचना विस्कटते. खोबरेलातली नव्वद टक्क्यांच्या आसपास मेदाम्लं सरळ, म्हणून पारा २४ अंशांखाली गेला की ते थिजतं. मग ते उन्हाळ्यात तरी पातळ का होतं? कारण त्याच्या साखळ्या आखूड आहेत. त्यातलं जवळपास निम्मं लॉरिक आम्ल, म्हणजे १२ कार्बन. इतर चार तेलांत बहुतेक साखळ्या १८ कार्बनांच्या. आखूड साखळ्यांची पकड सैल असते.

हा आखूडपणा साबण करणाऱ्याला लगेच जाणवतो. एक ग्रॅम खोबरेलाचा साबण व्हायला सुमारे २५० मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागतं, शेंगदाणा तेलाला १९० पुरतं. वजन तेवढंच, पण आखूड साखळ्या संख्येने जास्त भरतात आणि प्रत्येकीला अल्कलीचा वाटा लागतो. तेल बदलून अल्कलीचं माप तेच ठेवलं की साबण फसलाच म्हणायचा.

दुहेरी बंध मोजायला आयोडीन वापरतात, कारण ते नेमकं तिथेच जाऊन चिकटतं. १०० ग्रॅम तेलाने किती ग्रॅम आयोडीन घेतलं, ते त्याचं आयोडीन मूल्य. खोबरेलाचं जेमतेम ७ ते १०, शेंगदाण्याचं ९०च्या आसपास, नेहमीच्या करडईचं १४०, जवसाचं १७०च्या वर. जिथे आयोडीन चिकटतं, त्याच्या शेजारीच हवेतला ऑक्सिजनही घुसतो आणि साखळ्या एकमेकींना जोडत जातो. म्हणून जवसाचं तेल चित्रकाराच्या रंगात उत्तम आणि कढईत कुचकामी. या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर आतल्या आत तापून आपोआप पेटूही शकतो.

एरंडेलाने मात्र हा हिशेब बिघडवला आहे. त्याचं आयोडीन मूल्य शेंगदाणा तेलाइतकंच, ८२ ते ९०. पण घट्टपणा दहापट किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे नुसत्या एका आकड्यावरून तेल ओळखू नये. एरंडेलात मुख्यतः रिसिनोलेइक आम्ल असतं आणि त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. हे गट एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे तेल जड वाहतं. त्यांच्यामुळेच ते अल्कोहोलमध्येही विरघळतं, जे बाकीच्यांना सहसा जमत नाही. कारखान्यात उत्प्रेरक घालून एरंडेल तापवलं की हा गट पाणी होऊन निघून जातो, त्या जागी आणखी एक दुहेरी बंध तयार होतो आणि कधी न सुकणारं एरंडेल रंगा-व्हार्निशात सुकायला लागतं.