आधी वाट कोणाची?

मुरुडजवळच्या राजपुरी खाडीत एकाच पाण्यावर कितीतरी जणांचा वावर आहे. पावसाळा सोडला तर राजपुरीहून जंजिऱ्याकडे पर्यटकांना घेऊन शिडाच्या होड्या जातात. आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये माणसे व गाड्या वाहणारी फेरीबोट आहे. दिघी बंदरात मालवाहू जहाजे येतात. कोळी बांधवांची जाळी आहेत आणि काठाला घरे आहेत. मग आधी वाट कोणाची?

रस्त्यावर आपण ट्रक मोठा म्हणून बाजूला होतो. पाण्याची रीत वेगळी आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले, १९७७ पासून लागू झाले. ते भारतालाही मान्य आहेत. त्यांचे सार मी असे समजतो: ज्याला वळणे सोपे, त्याने दुसऱ्याला वाट द्यावी. मोकळ्या पाण्यात यंत्राच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यायची. कारण होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही, तिला तिरके जात, वळत पुढे सरकावे लागते. जाळे टाकून बसलेल्या नावेला या दोघींनीही वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणारा मात्र कोणीही असो, सांभाळून जाण्याची जबाबदारी त्याचीच.

अरुंद वाटेत हाच न्याय उलटा दिसतो. भरलेल्या जहाजाला खोल पाणी सोडता येत नाही. इंजिन उलटे फिरवले तरी ते बरेच अंतर पुढे जात राहते. नाळेसमोरची लहान होडी वरून दिसतही नाही. म्हणून तेथे शिडाने आणि मच्छीमाराने जहाजाला अडवायचे नाही. न्याय एकच, अडचण कोणाची मोठी एवढे पाहायचे.

या नियमांत भोंग्याचीही भाषा आहे. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटे फिरवतो आहे. पाच किंवा अधिक म्हणजे तुमचा इरादा मला कळत नाही. शब्दांशी खेळण्यात आयुष्य गेलेल्या मला हा पाचांचा संकेत फार आवडतो. न कळले तर मनात अंदाज बांधू नये, मोठ्याने विचारावे.

काठावरच्या माणसांसाठी मात्र या नियमांत वेगळे कलम नाही. वेगाने गेलेल्या लाँचमागे लाट उठते. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली शक्ती चौपट होते. किल्ल्याशी होडी लागलेली असते, कोणा आजीबाईंचा एक पाय होडीत, एक बाहेर असतो, आणि नेमकी तेव्हाच ती लाट येते. लाँच तोवर दूर गेलेली असते. होडी लागलेली दिसली की इंजिन मंद करावे, जाळ्याचे बोये दिसले की लांबून जावे. पंख्यात सापडून फाटलेले जाळे म्हणजे एका घराची बुडालेली कमाई. काठावरच्यांनीही जहाजाच्या वाटेत जाळे लावू नये, नांगरलेल्या होडीवर रात्री दिवा ठेवावा.

खाडीचे पाणी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. ते सगळ्यांचे राहायचे असेल, तर आपल्या हक्काआधी दुसऱ्याची अडचण पाहिली पाहिजे.