अन्यायी कारभाऱ्याचा दाखला व दख्खनी रोखे

दप्तरांत ‘दाखला’ म्हणजे पुरावा किंवा पूर्वीचें उदाहरण. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत हाच शब्द येशूच्या बोधकथांस रूढ झाला आहे. त्यांपैकीं लूककृत शुभवर्तमानाच्या १६ व्या अध्यायांतील अन्यायी कारभाऱ्याचा दाखला टीकाकारांस फार अवघड वाटत आला आहे. आमच्या मतें त्याची किल्ली जुन्या रोख्यांत सांपडते. म्हणून तो संग्राहकांपुढें मांडीत आहों.

कथा अशी. एका धनिकाच्या कारभाऱ्यावर उधळपट्टीचा आळ येतो व त्यास हिशेब देण्याचा हुकूम होतो. चाकरी जाणार हें ओळखून तो धन्याच्या कुळांस बोलावितो. ज्याच्याकडे १०० बथ तेल येणें आहे त्यास रोख्यांत ५० लिहावयास सांगतो. १०० कोर गहूं येणें असलेल्यास ८० लिहावयास लावितो. हें कळल्यावर धनी रागावत नाहीं, उलट त्याच्या शहाणपणाची वाखाणणी करितो. लबाडाची वाखाणणी कां, हाच वादाचा मुद्दा.

आतां आंकडे पाहावे. ८० ची सवाई १००. ५० ची दुप्पट १००. सवाई, दिढी, दुणी या वाढी आपल्याकडील धान्याच्या देवघेवींत सर्वपरिचित होत्या. याज्ञवल्क्यानेंही वाढीची कमाल मर्यादा सोन्यास दुप्पट, धान्यास तिप्पट व रसांस, म्हणजे तेलातुपास, आठपट सांगितली आहे. तेव्हां धान्याहून तेलावर वाढ जड असण्यांत नवल नाहीं. यहुदी धर्मशास्त्रानें स्वजनांकडून व्याज घेण्यास मनाई केली होती. यामुळें व्याज मुद्दलांत मिळवून रोख्यांत एकच रक्कम लिहीत, असें डंकन डेरेट यांनीं १९६१ सालीं प्रतिपादिलें. हे हिंदु कायद्याचेही नामांकित अभ्यासक होते, ही गोष्ट येथें विसरूं नये. या मतानें कारभाऱ्यानें निषिद्ध व्याज तेवढें सोडलें. धन्यास तें परत मागावयाचें तर आपण व्याज घेतों हें कबूल करणें भाग होतें. त्यापेक्षां धर्मशीलतेचा लौकिक पदरांत घेणें बरें! १९६४ सालीं फिट्झमायर यांनीं सुटलेली रक्कम ही कारभाऱ्याची स्वतःची दलाली मानिली. पण दलाली निम्म्याइतकी असणें आम्हांस पटत नाहीं.

मुराब्बात येथील गुहांत नीरो बादशहाच्या दुसऱ्या वर्षाचें, म्हणजे इ. स. ५५-५६ चें, एक अरामी कर्जखत सांपडलें आहे. त्यांत २० झूझ नाण्यांच्या फेडीस पंचमांश जादा देण्याची बोली आहे. मनाई असतांही वाढ घेतली जाई, यास हा समकालीन पुरावा होय.

दख्खनेंत थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत करून घेण्याची चाल होती. १२ मे १८७५ रोजीं सुप्यास दंगा झाला. त्या वर्षीं पुणें व नगर जिल्ह्यांत लोकांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पुढें १८७९ चा शेतकी कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें न्यायाधीशास खतांतील रकमेपलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा व मुद्दल-व्याज निरनिराळें मांडण्याचा अधिकार दिला. कारभाऱ्यानें एका बैठकींत जें केलें, तें सोलापूरच्या कोर्टांत कायद्यानें होऊं लागलें.

मात्र साम्य फार ताणूं नये. सोलापूरकडील कुणब्याच्या खताखालीं ‘निशाणी नांगर’ असे व मजकूर दुसऱ्याच्या बिकलमें असे. दाखल्यांतील कुळें स्वहस्तें लिहितात, आणि १०० बथ तेल म्हणजे कमी मापानेंही सुमारें २,२०० लिटर होतें. हे गरीब रयत नसून मोठे व्यापारी किंवा खंडकरी असावे. आपल्या ‘कूळ’ शब्दांतही ऋणको व खंडकरी हे दोन्ही अर्थ आहेतच.

ज्यांच्या संग्रहीं सोलापूर प्रांतींचे धान्याचे रोखे असतील त्यांनीं सवाई वेगळी नोंदली आहे कीं आंकड्यांतच मुरवली आहे, हें पाहून कळवावें. त्याच कुळाचें मागील खत जोडीस असल्यास दोहोंची नक्कल करावी.