खानेसुमारीच्या कागदांतील पूर्वज

राजघराण्यातील माणसाला आपले पूर्वज शोधत हिंडावे लागत नाही. बखरी आणि सनदा त्याच्यासाठी ते काम करून ठेवतात. वतनदाराच्या घरी निदान भाऊबंदकीच्या कज्ज्यांचे कागद तरी असतात. शेतमजुराच्या, विणकराच्या किंवा मोलकरणीच्या नातवंडांनी मात्र कोठे पाहावे? गेल्या दोन शतकांत या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली : खानेसुमारीचे तक्ते आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली. यांपैकी एकही साधन वंशावळीसाठी निर्माण झालेले नाही. सरकारला माणसे मोजावयाची होती आणि वर्तमानपत्राला बातमी द्यावयाची होती. सामान्य माणसाचे नाव त्या ओघात टिकून राहिले.

या शोधाचे सामर्थ्य आणि मर्यादा आयर्लंडमध्ये जितक्या स्पष्ट दिसतात तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतील. तेथील १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीचे मूळ तक्ते शाबूत असून राष्ट्रीय अभिलेखागाराने ते सर्वांना विनामूल्य पाहण्यास खुले केले आहेत. ते घरोघर जाऊन गोळा केले होते पोलिसांनी. प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्म, वय, व्यवसाय, साक्षरता, एवढेच नव्हे तर आयरिश भाषा येते की नाही, याचीही नोंद त्यांत आहे. १९११ साली विवाहितांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारली गेली : मुले जिवंत जन्मली किती आणि त्यांपैकी हयात किती? या दोन आकड्यांच्या वजाबाकीत एखाद्या आईच्या आयुष्यातील जे दुःख उमटले आहे, ते कोणत्याही इतिहासग्रंथात आलेले नाही.

तक्ता हे एका रात्रीचे चित्र असते. दोन गणनांमधील दहा वर्षांत काय घडले ते वर्तमानपत्रात पाहावे लागते. किरकोळ खटले, लिलाव, कुळांची हकालपट्टी, जहाज सुटण्याच्या तारखा, मृत्युवार्ता यांतून मधले दुवे जुळतात. मात्र गरिबाचे नाव छापून येते ते बहुधा तो आरोपी, फिर्यादी किंवा अपघाताचा बळी ठरला तरच. शिवाय एकाच नावाची अनेक माणसे एकाच गावात असतात. नाव, गाव, वय आणि नातेवाईक ही चारही अंगे जुळल्याशिवाय कोणालाही आपला पणजोबा म्हणणे धोक्याचे असते.

त्यातही वयावर फार भिस्त ठेवता येत नाही. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन देऊ केले आणि जानेवारी १९०९ पासून ते मिळू लागले. आयर्लंडमध्ये सार्वत्रिक जन्मनोंदणी सुरू झाली ती १८६४ साली. सत्तरीच्या म्हाताऱ्याने जन्माचा दाखला आणावा कोठून? यामुळे १९०१ ते १९११ या दहा वर्षांत दहाहून कितीतरी अधिक वर्षांनी वाढलेली माणसे तक्त्यांत भेटतात. वयाची खात्री करण्यासाठी कारकुनांना १८४१ आणि १८५१ चे जुने तक्ते उघडून अर्जदारांची नावे शोधावी लागत.

पुढे जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतील सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ या काळातील चार गणनांचे बहुतेक कागद नष्ट झाले. १८६१ ते १८९१ चे तक्ते तर त्यापूर्वी सरकारनेच नाहीसे केले होते. पेन्शनच्या अर्जांसाठी केलेली शोधपत्रे मात्र वाचली. कित्येक कुटुंबांच्या बाबतीत मूळ तक्ता जळून गेला आहे आणि कारकुनाने उतरवून घेतलेल्या चार ओळी तेवढ्या उरल्या आहेत.

आपल्याकडे खानेसुमारी १८७२ पासून आणि देशभर एकाच वेळी १८८१ पासून झाली. तिचे जाडजूड अहवाल ग्रंथालयांत आहेत. परंतु त्यांत बेरजा आहेत, माणसे नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्यानेही व्यक्तिगत नोंदी पाहण्यास बंदी घातली आहे. माहिती देणाऱ्याच्या विश्वासासाठी ते रास्तच आहे. पण त्यामुळे येथील शोध वेगळ्या वाटेने जातो : शाळेचे जनरल रजिस्टर, कोतवाल बुक, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, तीर्थोपाध्यायांच्या वह्या.

आणि येथे हा शोध केवळ हौसेचा नाही. महाराष्ट्रात जातपडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर इतर मागासवर्गीयाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला आजोबांच्या शाळेचा शोध घ्यावा लागतो तो यासाठी. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर अडचण दुप्पट होते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांतील दप्तरे उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची वाण किती आहे हेही कळून चुकले.

जुन्या मराठी पत्रांचीही स्थिती विचार करावयास लावणारी आहे. १८३२ चे ‘दर्पण’, १८४९ चे ‘ज्ञानप्रकाश’, १८७७ चे ‘दीनबंधु’ ही नावे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना पाठ असतात. त्यांचे अंक हाताळून पाहिलेला वाचक मात्र विरळा. अशा पत्रांचे कागद ठिसूळ झाले आहेत. त्यांची छायाचित्रे घेऊन नावांची सूची केली, तर ग्रामीण भागातील विद्यार्थ्यालाही आपला शोध घरबसल्या घेता येईल.

हे काम मोठ्या संस्थांवर सोपवून भागणार नाही. जनरल रजिस्टर शाळेच्या कपाटात आहे आणि गाव नमुना कचेरीच्या रॅकवर. वाळवी आणि ओल यांपासून त्यांना जपणारा शिक्षक किंवा कारकून कोणाच्या तरी पणजोबाचा, कदाचित एकमेव, पुरावा सांभाळत असतो. रद्दीचा लिलाव पुकारण्यापूर्वी गठ्ठा एकवार सोडून पाहिला, तरी कितीतरी घरांचा इतिहास वाचेल.